बिशपांची खुर्ची

शनिवार, २ डिसेंबर

आज संध्याकाळी ज्ञानदुरै सरांनी चर्चची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्यात त्यांना असं काय दिसलं असेल, हा विचार करत जिना चढलो. वर आल्यावर उत्तर सापडलं. आवारात राहणारा दुसरा कुणी नाहीच.

मी ख्रिस्ती नाही. साताऱ्याचा खटावकर आहे, आणि अंबत्तूरच्या या चर्चच्या आवारातल्या गॅरेजवरच्या खोलीत भाड्याने राहतो. खोली घेण्यामागे श्रद्धा वगैरे काही नव्हतं, कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते म्हणून घेतली. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. शंका आली की त्या पार्टवर पिवळं 'होल्ड'चं लेबल लावायचं, पुढचं काय ते दुसरं कुणीतरी ठरवतं. इतकं माझ्या स्वभावाला जुळणारं काम मला पुन्हा मिळणार नाही. लग्नाच्या बाबतीतही मी बरीच वर्षं हेच लेबल वापरतो आहे, असं आई म्हणते.

तर किल्ली. पुढच्या रविवारी चर्चचा अमृतमहोत्सव आहे आणि बिशप येणार आहेत. त्यासाठी सगळ्या बाकांना व्हार्निश लावून झालं. वेदीजवळची बिशपांची खुर्चीही चकचकीत झाली आहे. सागवानी, उंच पाठीची, रुंद हातांची. एरवी तिच्यावर पांढरं कापड असतं. पास्टर नात्यातल्या लग्नाला नागरकोविलला गेलेत. सर सेक्रेटरी आहेत, पण बायको गेल्यापासून नुंगंबाक्कमला मुलीकडे राहतात. त्यामुळे खिडक्या उघडून व्हार्निश वाळवण्याचं काम माझ्याकडे.

"मिस्टर संजीव, पुढच्या रविवारपर्यंत बाकांवर कुणी बसायचं नाही," सर म्हणाले. "तुम्हीसुद्धा."

आमचं बोलणं इंग्रजीत होतं. माझं तमिळ रिक्षावाल्यांना दया येण्याइतपत आहे.

वादळ येणार असं मोबाइल सारखं सांगतोय. मी मेणबत्त्या आणून ठेवल्या. मग लक्षात आलं, घरात काड्यापेटी नाही.

रविवार, ३ डिसेंबर

सकाळपासून पाऊस. व्हार्निशमुळे आजची प्रार्थना शेजारच्या हॉलमध्ये झाली. माणसं थोडी होती. प्रार्थना संपल्यावर सरांनी सांगितलं की पाणी वाढलं तर तळ्याकाठच्या गल्लीतल्या लोकांनी, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, हॉलमध्ये यावं. एस्तर अक्कांनी तांदूळ आणि डाळ आणून ठेवलीच होती. चर्चमधल्या बायकांच्या मंडळाच्या त्या प्रमुख आहेत आणि आवाज असा की माइक लागत नाही.

"हॉलमध्ये," सर पुन्हा म्हणाले. "चर्चमध्ये नाही."

सुंदर माझ्या कानाशी लागला. "बिशपांच्या आधी येशू आला तरी त्याला हॉलमध्येच बसवतील." सुंदर रिक्षा चालवतो आणि कॉयरमध्ये गातो. दोन्ही जोरात.

दुपारी राणोजींकडे जाऊन आलो. राणोजी आणि तुळजाबाई तंजावरकडचे, तळ्याकाठच्या गल्लीत राहतात. त्यांची मराठी ऐकताना मला जुन्या बखरीत बसून कॉफी पितोय असं वाटतं. मी रविवारी जातो तो निव्वळ कॉफीसाठी. तुळजाबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून त्या अंथरुणावर आहेत. कॉफी होईपर्यंत मी त्यांना मोबाइलवर साताऱ्याचे फोटो दाखवतो, कारण तेवढा वेळ दुसरं करायचं काय.

हॉलमध्ये चला म्हटलं. राणोजींनी मान हलवली. "आम्ही कसाला जाऊ जी? त्यांचं देऊळ त्यांना. इकडे पाणी कधी उंबऱ्याच्या वर आलं नाही."

मी आग्रह केला नाही. आग्रह करणं हे माझं खातं नाही.

सोमवार, ४ डिसेंबर

हे मी चर्चच्या मागच्या बाकावर बसून लिहितोय. व्हार्निश पँटला चिकटतंय. झालं ते जसं झालं तसं लिहितो, कारण इथले लोक ते वेगळंच सांगायला लागलेत.

पहाटे पत्र्यांच्या आवाजाने जाग आली. खाली पाहिलं तर आवारात पाणी. चर्च उंच जोत्यावर आहे, हॉल सखल जागेत. हॉलमध्ये अक्कांच्या तांदळाची पोती पाण्यात बसली होती. उजाडलं तशी गल्लीतली माणसं यायला लागली. कडेवर मुलं, डोक्यावर गाठोडी, एका बाईच्या काखेत कोंबडी. हॉल बुडालेला पाहून ती फाटकाच्या कमानीखाली गोळा झाली आणि त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

मी जे नेहमी करतो तेच केलं. "थांबा, विचारतो," असं ओरडलो आणि सरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा रिंग. पास्टरांचा फोन बंद. मी पुन्हा सरांना लावला. खाली पाणी लोकांच्या गुडघ्यांवर आलं होतं आणि ती सगळी माणसं, फोनवर एवढं बोलणारा मनुष्य काहीतरी करतोय, अशा विश्वासाने उभी होती.

मग माझ्याच खोलीचा पत्रा उडाला. एवढं होईपर्यंत मला काही सुचलं नव्हतं, पण गादी भिजायला लागल्यावर मात्र एकदम सुचलं. गादी डोक्यावर घेतली, लॅपटॉप शर्टात घातला, पाण्यातून चर्चच्या पायऱ्या चढलो, कुलूप काढलं, गादी बाकावर टाकली आणि कुकर आणायला परत गेलो. कुकर घेऊन येतो तो चर्च भरलेलं.

दार मी उघडं टाकलं होतं. बस, इतकंच.

एस्तर अक्का दारातच उभ्या होत्या, पदर पिळत. "तंबी, बरं झालं उघडलंस," त्या म्हणाल्या. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी कुकर छातीशी धरून "हो" म्हणालो.

सगळे थंडीने कुडकुडत होते. कॉयरचे पांढरे झगे मागच्या कपाटात असतात, हे सुंदरला माहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण कपाटाची किल्ली चर्चच्या किल्लीच्याच जुडग्यात. मी म्हटलं, "थांब, विचारतो," आणि पुन्हा फोन लावला. तोवर कोंबडीवाल्या बाईचं बाळ ओठ काळेनिळे पडून रडायचं थांबलं होतं. रिंग कानात वाजत असताना माझ्या हाताने जुडगा सुंदरला दिला. मी दिला असं म्हणवत नाही. मी तर फोनवर होतो.

बाळ झग्यात गुंडाळून अक्कांनी छातीशी धरलं. थोड्या वेळाने ते पुन्हा रडायला लागलं, तेव्हा चर्चमधले सगळे एकदम बोलायला लागले.

आता समोर असं दृश्य आहे: गॅसवाला, कोळीण, प्लंबर, इस्त्रीवाला, सगळे पायघोळ पांढऱ्या झग्यांत. स्वर्गात गेल्यावर असंच दिसत असेल तर तिथे कोंबडीही आहे. ओल्या साड्या बाकांवर वाळताहेत. आईचा फोन आला होता. "इकडे थोडा पाऊस आहे," म्हटलं.

राणोजी आले नाहीत.

मंगळवार, ५ डिसेंबर

पाऊस थांबला, पाणी नाही. सकाळी मी आणि सुंदर राणोजींकडे निघालो. सुंदर एकटाच जाणार होता. पण त्याला मराठी येत नाही आणि तुळजाबाई घाबरल्या की फक्त मराठीच बोलतात, म्हणून मी. नाहीतर मला पोहताही येत नाही.

गल्लीत पाणी छातीपर्यंत. घरात शिरलो तर राणोजींनी टेबलावर बाज चढवली होती, तिच्यावर तुळजाबाई, आणि राणोजी स्वतः पाण्यात उभे, बाजेचा पाय धरून. बाज हलू नये म्हणून ते कालपासून तसेच उभे होते. ओठ पांढरे. मला पाहून म्हणाले, "आज कॉफी नाही जी."

मी नाक पुसलं. नाकात पाणी गेलं होतं.

बाज दारातून निघेना. पाठुंगळी घ्यावं तर तुळजाबाईंना धरता येत नाही, आणि प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या वजनाने वाकते. पाठ उंच हवी, हात रुंद हवेत, लाकूड भक्कम हवं. मी आणि सुंदर चर्चमध्ये परत आलो आणि दोघंही वेदीकडे पाहत उभे राहिलो.

"मी तिला हात लावणार नाही," सुंदर म्हणाला. "माझं लग्न त्या खुर्चीसमोर झालंय."

मी फोन काढला. बॅटरी संपलेली. विचारायला कुणीच उरलं नव्हतं. असा प्रसंग माझ्यावर पूर्वी आल्याचं आठवत नाही. मी ख्रिस्ती नसल्याने माझ्या पापाचा हिशेब दुसऱ्या ऑफिसात होईल, असं मनाशी म्हणत मी कापड काढलं आणि खुर्ची उचलली. एकट्याला ती उचलेना. मग सुंदरनेही हात लावला.

नाताळच्या चांदणीसाठी आणलेले बांबू घंटेचा दोर काढून त्याने खुर्चीला बांधले. प्लंबर आणि गॅसवाला झगे खोचून आले. परत येताना खुर्ची चौघांच्या खांद्यावर, तीत तुळजाबाई चादरीने बांधलेल्या, पुढे राणोजी छत्री धरून. पाऊस नव्हता, पण छत्री होती. एका गच्चीवरून कुणा आजीने हात जोडले. तिला वाटलं असावं, कुठल्याशा देवीची मिरवणूक चाललीय. मी मागे डावीकडे होतो. मध्येच माझा पाय खड्ड्यात गेला आणि मी पूर्ण पाण्याखाली जाऊन आलो. बांबू सोडला नाही, कारण धरायला दुसरं काही नव्हतं.

तुळजाबाई खुर्चीसकट आत गेल्या. राणोजी पायरीवर थांबले. "आम्ही इकडेच बरे." मी वाद घातला नाही. आतून चादर आणून दिली आणि तिथेच शेजारी बसलो, पाय थकले होते म्हणून.

दुपारी फाटकातून एक मनुष्य आला. पँट मांडीपर्यंत वळलेली, चष्म्यावर चिखल, हातात चपला. दुधाच्या गाडीतून पुलापर्यंत आणि तिथून पाण्यातून चालत. ज्ञानदुरै सर. राणोजींनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. ते सरकून जागा करत तमिळमध्ये म्हणाले, "आत जा, आत जा. आत जागा आहे. सगळ्यांना घेतात."

सर पायरीवर थांबले. "मग तुम्ही बाहेर का?" त्यांनी विचारलं. सरांनी त्यांचा हात धरला आणि दोघं पायऱ्या चढून आत गेले. मी दोन दिवस जो आग्रह केला नव्हता तो असा करायचा असतो.

आत सर उभे राहिले. त्यांनी झगे पाहिले, साड्या पाहिल्या, वेदीच्या कठड्यावर वाळणारे लंगोट पाहिले. मग खुर्ची पाहिली. व्हार्निश पांढरं पडलं होतं, एका हाताची पट्टी निघून लोंबत होती, आणि खुर्चीत तुळजाबाई झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून.

"झगे कुणी दिले?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या लोकांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहण्याची ही पहिलीच खेप.

"लहान मुलांचे झगे खालच्या खणात असतात," सर म्हणाले. "ते का नाही काढले?"

मी खण उघडायला धावलो आणि जुडगा पाण्याच्या बादलीत पाडला.

नंतर पाहिलं, सर पुढच्या बाकाजवळ जमिनीवर बसले होते. बाकावर कोंबडीवाली बाई बाळाला घेऊन झोपली होती. बाकाला पितळी पट्टी आहे, 'श्रीमती मेर्सी ज्ञानदुरै यांच्या स्मरणार्थ'. सर तिच्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ बसले. पॉलिश किती गेलंय ते तपासत असावेत. मी जवळ गेलो नाही. उगाच विषय निघायचा.

गुरुवार, ७ डिसेंबर

पाणी उतरलं, चिखल उरला. वीज नाही. कालचा दिवस लिहिला नाही, कारण काल मी कांदे चिरत होतो. अक्कांनी मला स्वयंपाकात घेतलं, माझे कांदे पाहिले आणि स्वयंपाकातून काढलं. नंतर सांबाराकडे लक्ष ठेवायला बसवलं. ते लागलं. आता मी पत्रावळी मांडतो. त्यात चूक करायला वाव कमी आहे.

इथे सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं नाही. रसमवरून दोन बायका बोलत नाहीत. कोंबडीने वेदीवर केलेली घाण कुणी काढायची, यावर काल कमिटीच्या दोघांत खडाजंगी झाली. त्यातले एक म्हणाले की चार दिवसांवर बिशप आलेत आणि भाडेकरूने चर्चची धर्मशाळा केली. त्यांचं म्हणणं खरं आहे. खोली सोडायला सांगितली तर कुठे जायचं, याचा मी विचार सुरू केला. खोलीला छप्पर नाही, हे त्यानंतर आठवलं.

दुपारी सर आणि मी हॉलमधला चिखल ओढत होतो. मी धीर करून म्हणालो, "सर, सोमवारी मी खूप फोन केले. नेटवर्क नसावं."

सर फावड्यावर हात टेकून उभे राहिले. "नेटवर्क होतं."

मला कळलं नाही.

"फोन माझ्यासमोर टेबलावर होता. तुमचं नाव दिसत होतं. उचलला असता तर नाही म्हणावं लागलं असतं. कमिटीने तसं ठरवलं होतं, मीच ते मांडलं होतं." ते पुन्हा चिखल ओढायला लागले. "म्हणून उचलला नाही. मुलगी म्हणाली, अप्पा, फोन वाजतोय. मी म्हटलं, वाजू दे. तो विचारायचा थांबला म्हणजे उघडेल."

मी त्यांना सांगायला हवं होतं की मी विचारायचा थांबलो नव्हतो, माझी गादी भिजत होती. सांगितलंही, पण तोवर ते बादली घेऊन बाहेर गेले होते, आणि मी ते भिंतीला सांगितलं.

म्हणजे हे चर्च दोन भित्र्यांनी मिळून उघडलं. एकाने फोन उचलला नाही आणि दुसऱ्याने दार लावलं नाही.

संध्याकाळी खुर्चीची लोंबणारी पट्टी चिकटवायला बसलो. चिकटली ती माझ्या बोटांना. तुळजाबाई बघत होत्या. अर्ध्या तोंडाने हसल्या. दोन वर्षांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्यामुळे कुणाला आनंद होण्याचा हा एक खात्रीचा मार्ग दिसतो.

रविवार, १० डिसेंबर

बरीच कुटुंबं घरी गेली. राणोजींच्या भिंती अजून ओल्या, म्हणून ते इथेच. बाक पुसून घेतले. व्हार्निशवर आता माणसांच्या पाठींचे, पातेल्यांचे आणि एका गादीचे ठसे आहेत. गादीचा ठसा कुणाचा ते विचारू नये.

पास्टर काल परतले. बिशपांनी कार्यक्रम पुढे ढकलला नाही, फक्त मिरवणूक आणि हारतुरे नकोत असं कळवलं. सकाळी ते गाडी लांब ठेवून चिखलातून चालत आले, जांभळा झगा एका हाताने वर धरून.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की खुर्ची रिकामी करायची राहिली. तुळजाबाई तीत बसलेल्या, कपाळावर कुंकू, अंगावर अक्कांची कोरी साडी. मी वाकून राणोजींच्या कानात सांगितलं की ते येताहेत, यांना बाकावर घेऊ या.

"कसाला?" राणोजी म्हणाले. "त्या बाकावर बसत नाहीत जी, घसरतात. ते तर धडधाकट दिसतात."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पुढे गेले, बिशपांना नमस्कार केला आणि त्यांना पितळी पट्टीच्या बाकाकडे घेऊन गेले. "इथे बसा," म्हणाले. कमिटीतले ते गृहस्थ घसा साफ करत राहिले. बिशप बसले. त्यांच्या आणि तुळजाबाईंच्या मध्ये हातभर अंतर.

तुळजाबाईंनी त्या जांभळ्या पाहुण्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग जड जिभेने, सावकाश, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जेवलात का जी?"

बिशपांना समजलं नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या चर्चने माझ्याकडे पाहिलं. आता याची सवय व्हायला लागली आहे. सुदैवाने तमिळमधलं तेवढं एकच वाक्य मला बिनचूक येतं.

"साप्टाच्चा?" मी म्हणालो.

बिशप थोडे गोंधळले, मग हसले. "खरं सांगायचं तर नाही. पहाटेच निघालो."

तुळजाबाईंना उत्तराचं भाषांतर लागलं नाही. त्यांनी चांगला हात उचलून अक्कांना खूण केली. अक्कांनी पास्टरांकडे पाहिलं, पास्टरांनी हातातलं पुस्तक मिटलं. पोंगल, म्हणजे मूगडाळीचा मऊ भात, तयारच होता. मी पत्रावळी मांडल्या. आधी सगळ्यांचं खाणं झालं, मग प्रार्थना. प्रार्थना लांबली, पण कुणी चुळबुळ केली नाही. पोट भरलेलं असलं की लोक देवाला वेळ देतात, असं दिसलं. माझा मात्र मध्ये डोळा लागला.

निघताना सरांनी मला पायरीवर गाठलं. पत्रे मंगळवारी बसतील, म्हणाले. खोलीचं दुसरं काही बोलले नाहीत.

"आणि तंबी, बुधवारी नाताळच्या गाण्यांची तालीम आहे. ये."

"सर, मला गाता येत नाही."

"माहीत आहे," सर म्हणाले. "मागे उभा राहा."